पहिला मणी

रेणुका आली की घरातली घड्याळं, उशा, पडदे असं काहीही लिलावात निघायचं आणि तिकडे स्वयंपाकघरात आश्लेषाचं डोकं फिरायचं.

या प्रकाराला नाव मात्र ‘वाचा-सराव’ असं भारदस्त होतं. मिरजेच्या एका मेंदू-रुग्णालयातून रेणुका कोळेकर नावाची प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा दुपारची स्कूटरवरून सांगलीला यायची, जयदीपच्या पलंगापाशी स्टूल ओढायची आणि आज काय विकायचं म्हणून विचारायची. जयदीप मगदूम हा हळदीच्या बाजारात सौदे पुकारणारा माणूस. खरेदीदार परदेशात बसून पडद्यावर बोली लावायला लागले तरी पुकारायला बाजाराला जयदीपचाच गळा लागायचा. मग एके दिवशी मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि मानेखालचं सगळं बंद पडलं. गळाही गेला. डोळे आणि पापण्या तेवढ्या हलत राहिल्या. आता हाच माणूस पलंगाच्या डोक्याशी लावलेल्या स्पीकरमधून, स्वतःच्याच जुन्या आवाजात, भिंतीवरच्या घड्याळाची बोली काढायचा. घड्याळ दोनदा दुरुस्त झालेलं आहे, पंधरा मिनिटं पुढं पळतं, पाहुण्यांना लवकर घालवायला फार उपयोगी, कोण घेतो बोला. रेणुका खिदळायची, भाव पाडून मागायची, आणि तो तिला झापायचा.

आश्लेषाच्या वाट्याला काय यायचं? पाणी दे. कूस बदल. पंखा कमी कर. दिवसभर हेच. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला एवढं कळतं की नवरा आजारी आहे आणि तोंडातली प्रत्येक गोष्ट त्याला कष्टानं काढावी लागते. कळतं, पण पोटात दुखायचं ते दुखतंच. कष्टानंच काढायची तर घड्याळाची बोली बरी निघते, आणि बायकोसाठी चार शब्द निघत नाहीत?

रेणुका त्याला दादा म्हणायची, हे खरं. आश्लेषाला वहिनी म्हणायची. पण दादा म्हणणाऱ्या मुलींवर आश्लेषाचा भरवसा नव्हता. कॉलेजात पहिलं वर्षभर तिनं स्वतः जयदीपला दादाच म्हटलं होतं.

ते यंत्र कसं चालायचं ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको. मेंदूचा जो भाग बोटांना हुकूम सोडतो, त्यावर डॉक्टरांनी नखाएवढी बारीक जाळी बसवली होती. जयदीप मनातल्या मनात बोटानं पाटीवर अक्षर गिरवायचा. बोट हलायचं नाही, पण हुकूम सुटायचा, आणि जाळी तो वाटेतच पकडून त्याचं अक्षर करायची. असं एकामागून एक अक्षर ओवलं जाऊन जी लांबलचक माळ तयार व्हायची, तिला सगळे ‘कच्ची माळ’ म्हणत. तिच्यात अडखळणं, खोडणं, परत लिहिणं सगळं असायचं. मग ‘सुधारक’ नावाचा प्रोग्राम ती माळ झटकून पुसून तिचं नीट वाक्य करायचा आणि बाजारातल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेल्या जयदीपच्या आवाजात बोलून दाखवायचा.

यात मराठीची एक अडचण होती. समोर कोण आहे हे कळल्याशिवाय आपल्याकडे साधं पाणीसुद्धा मागता येत नाही. बायकोला ‘दे’, डॉक्टरांना ‘द्या’. म्हणून जयदीपनं प्रत्येक वाक्याआधी, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या खुणेचं एक अक्षर मनात गिरवायचं असं ठरलं होतं. सुधारक ते बघून तू की तुम्ही हे ठरवायचा, आणि बोलताना ते अक्षर गाळून टाकायचा.

आणि दुसरी गोष्ट. मेंदू काही भिंत नव्हे, की खिळा ठोकला आणि जन्माचा बसला. पेशी इकडच्या तिकडे होतात, सवयी बदलतात, आज ‘क’ म्हणून ओळखला जाणारा इशारा थोड्या दिवसांनी ‘फ’सारखा दिसायला लागतो. म्हणून माणूस आणि यंत्र यांची जुळवणी सतत करत राहावी लागते. रेणुकाचं खरं काम तेच होतं, लिलाव हा नुसता बहाणा. तिनं पहिल्याच दिवशी आश्लेषाला बजावलं होतं की पहिलं वर्ष फार नाजूक असतं, या काळात जुळवणी तुटली तर मेंदू गिरवायचा नाद सोडून देतो, आणि एकदा सोडलेला नाद परत लागेलच असं नाही.

एका दुपारी आश्लेषा मिक्सरमध्ये चटणी वाटत होती. मिक्सर थांबला आणि बाहेरून जयदीपचा आवाज आला, “रेणुका, आज तू उशीर केलास.”

आश्लेषाचा हात झाकणावरच राहिला. त्याआधी तो तिला मॅडम म्हणायचा. तुम्ही म्हणायचा. सुधारक आपल्या मनानं कोणाच्या अहोचं अगं करत नाही. कोणाला काय म्हणायचं हे ज्याचं त्यानं यंत्राला सांगावं लागतं. म्हणजे हा माणूस पलंगावर पडल्यापडल्या, एकेक अक्षर गिरवत, यंत्राला सांगत बसला असणार की आजपासून हिला तू. आश्लेषानं चटणीत मीठ दोनदा घातलं.

रुग्णालयानं रुग्णांच्या घरच्यांसाठी शनिवारी सकाळी एक वर्ग सुरू केला होता. कच्ची माळ बघायचा हक्क घरातल्या एकाला असायचा. रुग्णाला काही दुखत-खुपत असलं आणि सुधारकानं ते चुकून गाळलं तर कळावं, हा हेतू. पण त्या हजारो ओळींतून हवं ते काढायचं तर थोडं प्रोग्रामिंग यायला हवं. तेवढंच शिकवायला मुल्ला सर यायचे. सर मिरजेच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या डोक्यात तशीच जाळी. आश्लेषाला आजवर या वर्गाचा कंटाळा होता. चटणी खारट झाली त्या आठवड्यात ती नाव घालून आली.

पहिल्या शनिवारी सरांनी सांगितलं की कॉम्प्युटरच्या भाषेत अक्षरांच्या माळेला स्ट्रिंग म्हणतात, आणि तिच्यातला कुठलाही मणी माळ न तोडता एकट्यानं काढता येतो. माळेचं नाव लिहायचं, पुढं चौकोनी कंस, कंसात मण्याचा क्रमांक. हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं आणि क्रमांकाची गंमत पुढच्या शनिवारी सांगतो म्हणाले. बाकीचे वही मिटून उठले. आश्लेषा मात्र फळ्याकडे बघत बसून राहिली. वाक्याचा पहिला मणी म्हणजे तो मनातून कोणाशी बोलतोय त्याचं अक्षर. तोंडानं काहीही म्हणू दे, पहिला मणी खोटं बोलणार नाही.

पुढच्या शनिवारी ती वर्गाला गेली नाही. त्या आठवड्यात रेणुकानं सराव शनिवारी सकाळी ठेवला होता, आणि या दोघांना घरात एकटं सोडून आपण मिरजेला जायचं हे आश्लेषाला काही केल्या जमेना. डोकं दुखतंय असं सांगून ती त्याच्या खोलीच्या दारात मेथी निवडत बसली. रेणुका बोलत होती. बोलता बोलता जयदीपच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली, आणि रेणुकानं बोलणं न थांबवता आपल्या ओढणीच्या टोकानं ती पुसली. झालं एवढंच. आश्लेषा ते काम दिवसभर करायची, पण धुतलेल्या नॅपकिननं, आणि गप्प राहून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मेथीची पानं टोपलीत आणि देठं पातेल्यात गेली.

तिसऱ्या शनिवारी सरांनी एकच काम सगळ्या ओळींवर एकदम कसं करायचं ते शिकवलं. मागच्या वेळी काय झालं म्हणून आश्लेषानं शेजारच्या तासगावच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी नुसता टॅब पुढं सरकवला आणि उतरवून घ्या म्हणाल्या. आश्लेषानं उतरवून घेतलं. कंसातला आकडा ज्यानं त्यानं आपल्या गरजेप्रमाणं टाकायचा होता. आपल्याला पहिला मणी हवा, असा तिनं विचार केला आणि एक टाकला. एकाहून सोपं काय असतं?

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर तिनं तो प्रोग्राम चालवला. पडद्यावर सुधारलेली वाक्यं आणि प्रत्येकापुढं त्याचा मणी अशी उभी रांग सरकू लागली. र. र. र. र. तिला वाटलं, रेणुकाशी बोललेली वाक्यं आधी आली असतील. तिनं वेळ बघून फक्त आपल्याशी बोललेली वाक्यं निवडली. पाणी दे, र. कूस बदल, र. पंखा कमी कर, र. तिची मान तापली. तिनं डॉक्टरांशी बोललेली वाक्यं काढली, तिथंही र. बेंगळुरूला असलेल्या लेकीशी फोनवर बोलला होता, त्यातही र.

आता थंड डोक्याच्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. डॉक्टरांशी, पोटच्या पोरीशी बोलतानाही तेच अक्षर येतंय, म्हणजे ते कोणाच्या नावाचं नसेल. पण हेवा लागलेल्या माणसाला पुरावा कधी कमी पडत नाही, आणि उलटा पुरावा तर दुप्पट कामाला येतो. आश्लेषाला वाटलं, डॉक्टर समोर उभे असतानाही याच्या मनात तीच. पोरीशी बोलतानाही तीच. आणि मी उशी बदलते, डायपर बदलते, तेव्हाही तीच. ती बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली.

मग तिनं रुग्णालयाला फोन लावला. घरात सगळ्यांची दमछाक झालीय, सराव काही दिवस बंद ठेवायचाय, असं तिनं सांगितलं. घरच्यांच्या संमतीशिवाय प्रशिक्षक यायचा नाही असा नियमच होता, त्यामुळं पलीकडून कोणी हुज्जत घातली नाही. जुळवणीचं तेवढं लक्षात ठेवा असं पलीकडची बाई म्हणाली. रेणुकाचा स्वतःचा फोन आला तो आश्लेषानं घेतला नाही.

जयदीपला तिनं सांगितलं की रेणुकाची कोल्हापूरला बदली झाली. तिनं मला सांगितलं नाही, असं स्पीकर म्हणाला. घाईत गेली म्हणे, असं आश्लेषा म्हणाली, आणि तिला मनातून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलं गार वाटलं.

ते गारपण फार टिकलं नाही. दोन-चार दुपारी गेल्यावर तिनं स्वतःच भिंतीवरचं घड्याळ काढून त्याच्यासमोर धरलं आणि विक की म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. “दमलोय,” स्पीकर म्हणाला. तिनं घड्याळ परत खिळ्याला लावलं. ते वाकडं लागलं, आणि वाकडंच राहिलं.

मग यंत्र चुकायला लागलं. आधी एखादं अक्षर, मग शब्द. एकदा स्पीकर म्हणाला, कूस बदल. तिनं कूस बदलली. परत म्हणाला, कूस बदल. तिनं परत बदलली. चौथ्या वेळेला ती वैतागली, आता किती फिरवू म्हणून ओरडली, आणि तेव्हा तिला त्याचे ओठ दिसले, कोरडे, भेगाळलेले. तो पाणी मागत होता. पाणी पाजताना त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी गळत होतं आणि ती ते नॅपकिननं पुसत होती. त्यानंतर स्पीकर जास्त वेळा एकच वाक्य बोलायला लागला, तेही जयदीपच्या नव्हे तर यंत्राच्या कोरड्या आवाजात: ओळखता आलं नाही. दोन-तीनदा ते ऐकलं की जयदीप डोळे मिटून घ्यायचा. नाद सोडून देणं म्हणतात ते हेच, हे तिला कळत होतं. रेणुकाला एक फोन केला तर हे थांबेल, हेही कळत होतं. तिचा हात फोनकडे जायचा, आणि डोळ्यांपुढं ती र-ची रांग यायची. हात परत यायचा.

शेवटी तिनं मधला मार्ग काढला. रेणुका नको, आपणच जुळवणी शिकायची. शनिवारचा वर्ग सुटल्यावर तिनं मुल्ला सरांना गाठलं आणि आपल्याला किती येतं हे दाखवायला टॅबवर तो प्रोग्राम उघडला. र-चं काही बोलली नाही. नुसती रांग दाखवली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टॅब डोळ्यांजवळ नेला. “ताई, शून्य कुठं गेलं तुमचं?”

आश्लेषाला काही समजेना. सरांनी तिला बाकावर बसवलं. यंत्र मणी मोजत नाही, ते म्हणाले, यंत्र किती मणी ओलांडायचे ते मोजतं. माळेच्या तोंडाशी उभं राहा. तिथला मणी हवा तर किती ओलांडायचे? एकही नाही. म्हणून पहिल्या मण्याचा क्रमांक शून्य. तुम्ही एक लिहिलात, म्हणजे एक ओलांडून पुढचा द्या म्हणालात. यंत्रानं बिनतक्रार दिला. तुम्ही चुकलात हे त्याला कसं कळणार, दुसरा मणीही खराच की.

आणि तो दुसरा मणी कशाचा, असं आश्लेषानं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

टेकूचा, सर म्हणाले. खुणेचं अक्षर लिहून झालं की वाक्य सुरू करण्याआधी एक ठरलेलं अक्षर लिहायचं, त्यावर यंत्र आपला कान जुळवून घेतं. गवई आधी सा लावतो तसं. त्याला सोपं, एका वळणाचं अक्षर लागतं, म्हणून इथं सगळ्यांना र-च देतात. त्यांच्या भावाच्या प्रत्येक वाक्यातही दुसऱ्या जागेवर र होता. हे सगळं मी दुसऱ्या शनिवारी सांगितलं होतं, तुम्ही दिसला नव्हतात त्या दिवशी, असंही ते सहज बोलून गेले.

आश्लेषानं खाली मान घातली. त्या शनिवारी ती दारात मेथी निवडत होती.

सरांनी एकाचं शून्य केलं आणि प्रोग्राम परत चालवला. आश्लेषाशी बोललेल्या वाक्यांपुढं आ, आ, आ अशी रांग लागली. डॉक्टरांच्या वाक्यांना ड. रेणुकाच्या वाक्यांना म होता, पहिल्या दिवसांतल्या मॅडमचा म. पुढं तिला तू म्हणायला लागल्यावरही जयदीपनं खूण बदलली नव्हती. आश्लेषाला लाज वाटली, सुटल्यासारखंही वाटलं, आणि दोन्हींच्या मधून जयदीपचे ते भेगाळलेले ओठ वर आले.

तेवढ्यात सर म्हणाले, पण तुम्ही एकेक मणीच का काढताय, सगळी माळ का वाचत नाही? आणि त्यांनी कंसच पुसून टाकला.

पडद्यावर पूर्ण ओळी आल्या, सुधारकानं हात लावायच्या आधीच्या. आश्लेषा वाचू लागली. आ, र, माफ कर, पाणी दे. आ, र, माफ कर, कूस बदल. आ, र, माफ कर गं, पंखा कमी कर. ती बोट सरकवत राहिली. तिच्याकडे मागितलेल्या प्रत्येक गोष्टीच्या आधी माफ कर होतं. दर वेळी तेच दोन शब्द आले म्हणून सुधारकानं ते अडखळणं समजून कापून टाकले होते. महिनोन् महिने तो तिची माफी मागत होता आणि तिच्या कानावर नुसते हुकूम पडत होते. तिनं रेणुकाच्या ओळी काढल्या. तिथं घड्याळ होतं, उशी होती, भाव होता, शिव्याही होत्या. माफ कर कुठंही नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. जुळवणी शिकता येईल का, हे तिनं निघताना सरांना विचारलं होतं. येईल की, सर म्हणाले होते, माझी भावजय शिकली, पण तिला सहा-सात महिने लागले. तोवर थांबू नका, आहे त्या प्रशिक्षकाला सोडू नका. तिनं मान हलवली होती.

घरात ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. शेजारच्या काकू जयदीपपाशी बसल्या होत्या, त्या उठून गेल्या. आश्लेषानं रेणुकाचं स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. बदली खोटी होती हे सांगितलं. वर्ग, एकाचा आकडा, र-ची रांग, फोन, सगळं. मग माफ करचं सांगितलं. सुधारक आता निम्म्या वेळा हात टेकत होता, म्हणून तिनं विचारलं की तो बंद करून कच्ची अक्षरं मी वाचू का, तुझी हरकत नसेल तर. त्यानं एकदा पापणी मिटून उघडली. ती हो म्हणायची खूण होती.

पडद्यावर अक्षरं फार सावकाश येत होती, निम्मी चुकीची. ती मोठ्यानं अंदाज करायची, चुकला तर तो डोळे फिरवायचा, बरोबर असला तर पापणी मिटायचा. पहिलं वाक्य जुळायला चहा थंड होऊन गेला.

“माफी ऐकू जात नव्हती तेच बरं होतं.”

तिनं विचारलं, मग मी उगाचच जळत होते ना? तिला हो हवं होतं. तेवढं एक मिटल्या पापणीचं हो मिळालं असतं तर ती तिथंच सगळं विसरायला तयार होती. त्यानं पापणी मिटली नाही. अक्षरं यायला लागली.

“अक्षर चुकलं तुझं. संशय चुकला नाही.”

आश्लेषानं ते वाक्य जुळवलं, मोठ्यानं वाचलं, आणि वाचून झाल्यावर तिला त्याचा अर्थ कळला. ती उठून जाणार होती. पण तो अजून लिहीत होता, घाम आला होता त्याच्या कपाळावर, आणि ती गेली असती तर ते वाचणारं कोणी नव्हतं. ती बसली. ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं तेव्हा पुढचं पुरं झालं.

“तिनं मला आजाराआधी बघितलं नाही. तिला मी एवढाच माहीत आहे. तुला बघितलं की मी किती उरलोय ते दिसतं.”

तिनं नॅपकिन घेतला आणि त्याचं कपाळ पुसलं. तिला त्याचा राग आला होता आणि त्याची कीवही आली होती. आणि रेणुकाचा हेवा तर असा वाटत होता की याआधी वाटला तो काहीच नव्हता. तेव्हा निदान एका अक्षराचा होता. आता कळलं की त्या बाईनं काही केलंच नव्हतं, तिला फक्त जुना जयदीप माहीत नव्हता, आणि या एका गोष्टीत आश्लेषा जन्मात तिची बरोबरी करू शकत नव्हती. वीस वर्षांचा संसार कुठं पुसून टाकायचा?

“मग मी काय करू, सांग,” ती म्हणाली.

अक्षरं आली, या वेळी थोडी लवकर. “बोलायचंय मला.”

ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तुझ्याशी, असा एक शब्द आला असता तरी चाललं असतं. पडद्यावर टेकूचा र येऊन थांबला आणि मग काहीच आलं नाही. यंत्र म्हणालं, ओळखता आलं नाही. जयदीपनं डोळे मिटले.

तो असाच गप्प राहिला तर तिचाच राहणार होता, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. कोणी विचारायला येणार नव्हतं. चार-सहा आठवड्यांत त्याचा नाद सुटला असता, पलंगावर एक माणूस उरला असता, आणि त्याला पाणी पाजणारी, कूस बदलणारी एकटी आश्लेषा. कोणाशी वाटून घ्यायला नको. हा विचार तिच्या मनात आला आणि बराच वेळ राहिला. त्याला तिनं हाकलून दिलं असं म्हटलं तर ते खरं होणार नाही.

मग तिनं पर्समधून फोन काढला. आत जाऊन बोलता आलं असतं, पण ती स्टुलावरच बसून राहिली. रेणुकानं दुसऱ्याच रिंगला उचलला. दादा बरे आहेत ना, हेच आधी विचारलं तिनं. आश्लेषानं एका दमात सांगितलं की यंत्र फार चुकायला लागलंय, संमती मी आजच पाठवते, उद्यापासून ये, रोज आलीस तरी चालेल. रेणुका म्हणाली, उद्या दुपारीच येते वहिनी, नेहमीच्या वेळेला.

“ये. मी त्या वेळी घरी नसेन. किल्ली काकूंकडे ठेवते.”

“का ओ, काही काम निघालं का?”

“नाही,” आश्लेषा म्हणाली. “काम काही नाही. तो तुझ्याशी बोलतो ते मला ऐकवत नाही.”

जयदीपनं डोळे उघडले होते आणि तो आश्लेषाकडे बघत होता.